स्पीकरमधली घूं-घूं: ॲम्प्लिफायर बदलण्याआधी त्याला जोडलेलं एकेक सोडवून बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात घरच्या साउंड सिस्टीम दुरुस्त करताना एकच तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते: गाणं थांबलं तरी स्पीकर गप्प बसत नाही. लोक ॲम्प्लिफायर उचलून दुकानात आणतात. इथं टेबलावर लावला की तो एकदम शांत. घरी नेला की पुन्हा तेच. असं होतं, कारण दोष ॲम्प्लिफायरमध्ये नसतोच. त्याला जोडलेल्या कुठल्या तरी वस्तूतून, किंवा दोन वस्तू एकमेकींना जोडल्यामुळे, तो आवाज आत येतो. दुकानात एकटा ॲम्प्लिफायर येतो आणि ती वस्तू घरीच राहते.

म्हणून पुढचा क्रम घरीच करून बघायचा आहे. सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही. पहिल्या चार-पाच पायऱ्यांतच बहुतेक घरांचं काम होऊन जातं.

आधी आवाज ओळखा

घूंऽऽ असा जाड, सलग, एकाच पट्टीतला आवाज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं हा आवाज ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो. यालाच मेकॅनिक लोक ‘हमिंग’ म्हणतात.

झींऽऽ किंवा भर्रर्र असा धारदार आवाज, जो पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की बदलतो.

किर्र-किर्र असा बारीक आवाज, जो माऊस हलवला किंवा स्क्रीनवरचं पान सरकवलं की बदलतो. हा कॉम्प्युटरमधून येतो.

टर्र-टर्र, टर्र-टर्र, आणि लगेच फोन वाजतो. हा टूजी मोबाइलचा.

फ्रिज चालू-बंद होताना खट्, मिक्सर लावला की खर्रर्र.

शूऽऽ असा हवेसारखा आवाज, तोही कान स्पीकरला लावल्यावरच ऐकू येतो. हा प्रत्येक ॲम्प्लिफायरमध्ये थोडाफार असतोच. त्याच्यामागं लागू नका.

आणखी एक लक्षण आवाजाचं नाही, पण सगळ्यांत महत्त्वाचं आहे: पत्र्याच्या बॉडीला किंवा केबलच्या पिनेला हात लागला की मुंग्या येतात, बारीक झटका बसतो. तसं होत असेल तर इथंच थांबा, सगळे प्लग काढा आणि थेट ‘कुठं थांबायचं’ हा भाग वाचा.

नुसत्या कानावर विसंबून निदान पक्कं करू नका. अर्थिंगच्या गडबडीचा आवाज कधी जाड येतो, कधी धारदार. कान दिशा दाखवतो, खरं उत्तर प्लग काढल्यावरच मिळतं.

हमिंग बारीक असलं तरी त्याला ‘चालतंय की’ म्हणून सोडू नये असं मला मनापासून वाटतं. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत झाला. या भागात शास्त्रीय गाणं लक्ष देऊन ऐकणारी घरं आजही आहेत. आता हिशेब बघा. पांढरी एक या पट्टीत गाणाऱ्याच्या तंबोऱ्यात मंद्र पंचमाची तार साधारण ९८ हर्ट्झवर असते. हमिंग १०० हर्ट्झचं. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोनदा आवाज हेलकावतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं तंबोराच नीट लागलेला नाही. काळी एकची पट्टी असेल तर पंचम १०४ च्या आसपास, म्हणजे हमिंग त्याच्या खाली उतरलेलं. गवयाचा सूर अगदी बरोबर असतो, त्याच्या शेजारी आपली वीज बेसूर गात असते.

पहिली तपासणी: व्हॉल्यूम शून्यावर आणा

सगळं जोडलेलं राहू द्या आणि व्हॉल्यूम पूर्ण खाली करा. आवाज गेला किंवा कमी झाला, तर तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी शिरतोय: जोडलेला प्लेअर, टीव्ही, सेटटॉप बॉक्स किंवा त्यांच्या केबल. आवाज तितकाच राहिला, तर तो व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात आहे. मग ॲम्प्लिफायरवर किंवा वेगळा प्लग असलेल्या सबवूफरवर (खालच्या सुरांच्या स्पीकरवर) संशय घ्या. अर्ध्या मिनिटाच्या या तपासणीनं पुढची निम्मी शोधाशोध वाचते.

आवाज स्पीकरमधून न येता ॲम्प्लिफायरच्या डब्यातूनच येत असेल, तर तो ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांचा थरकाप असतो. त्याचा गाण्यात शिरणाऱ्या हमिंगशी संबंध नाही.

दुसरी: घरातली इतर यंत्रं बंद करा

मोबाइल आणि वायफाय राउटर सिस्टीमपासून दोन हात लांब ठेवा. मग पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिवे, मच्छर मारायची मशीन, चार्जर, फ्रिज एकामागून एक बंद करत जा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि डिमर विजेची लाट मधेच कापून पंख्याला देतात. त्या कापलेल्या धारेतून झींऽऽ पसरतं. रेग्युलेटर पूर्ण वेगावर ठेवल्यावर आवाज गेला, तर चोर सापडला. पायऱ्या-पायऱ्यांनी फिरणारा, आत कंडेन्सर असलेला रेग्युलेटर बसवला की हा त्रास सहसा मिटतो.

दोषी चार्जर शोधायला घरातला जुना ट्रान्झिस्टर रेडिओ फार कामाचा आहे. मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि एकेका ॲडॅप्टरजवळ, दिव्याजवळ न्या. ज्याच्याजवळ तो जोरात खरखरतो, तोच सगळ्यांत जास्त घाण सोडतोय.

वडगाव, शहापूर, खासबाग भागात घराला लागूनच यंत्रमाग असतात. उसाच्या भागात पंपाच्या मोटारी त्याच ट्रान्सफॉर्मरवर असतात. माग किंवा मोटार बंद असताना सिस्टीम शांत राहते का, एवढं आठवडाभर बघून ठेवा. तसं असेल तर घरातल्या केबल बदलून पैसे घालवू नका.

इन्व्हर्टरवर असतानाच आवाज येतो आणि लाइट आल्यावर जातो, असं झालं तर दोष इन्व्हर्टरच्या लाटेत. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देतात, ती ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमधून ऐकू येते. साइनवेव्ह इन्व्हर्टर हाच त्याला खरा उपाय.

तिसरी: सगळं सोडवा, मग एकेक जोडा

ही तपासणी सगळ्यांत जास्त उत्तरं देते, त्यामुळं घाई करू नका. सगळी यंत्रं बंद करा. ॲम्प्लिफायरच्या मागच्या सगळ्या सिग्नल केबल काढा, फक्त स्पीकरच्या वायर राहू द्या. आता ॲम्प्लिफायर चालू करा. शांत आहे? छान. ॲम्प्लिफायर निर्दोष आहे. मग एकेक वस्तू जोडा, आणि प्रत्येक जोडणीआधी व्हॉल्यूम शून्यावर आणा. ज्या वस्तूनंतर घूं सुरू होईल, तिथं थांबा.

एका गोष्टीनं इथं बरेच जण फसतात. रिकाम्या इनपुटचं बटण दाबलेलं असेल, तर उघडी पिन हवेतलं हमिंग उचलते आणि ॲम्प्लिफायर खराब असल्यासारखा वाटतो. खात्री करायची तर जुन्या आरसीए पिनेचं (ऑडिओ केबलच्या टोकाच्या गोल पिनेचं) मधलं टोक आणि बाहेरची कडी सोल्डरनं एकमेकांना जोडा आणि ती पिन त्या इनपुटला लावा. ही पिन फक्त इनपुटला लावायची. आउटपुटला किंवा स्पीकरच्या टर्मिनलला चुकूनही नाही.

चौथी: टीव्हीची केबल

होम थिएटर टीव्हीला जोडलेलं असेल तर मी सगळ्यांत आधी हीच बघतो. भिंतीतून किंवा गच्चीवरून आलेली केबल सेटटॉप बॉक्समधून काढा. आवाज त्याच क्षणी गेला, तर लूप सापडला.

का होतं हे? टीव्हीच्या केबलची बाहेरची जाळी गल्लीतल्या खांबावरच्या बूस्टरपर्यंत किंवा गच्चीवरच्या छत्रीच्या (डिशच्या) लोखंडी पाइपापर्यंत गेलेली असते. ती तिकडं जमिनीला टेकलेली. इकडं आपला ॲम्प्लिफायर घरच्या अर्थिंगला. या दोन जमिनींमध्ये थोड्या व्होल्टचा फरक असतोच. मधे केबल आली की त्या फरकामुळं तिच्या जाळीतून करंट वाहू लागतो. या फेऱ्यालाच ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. आरसीए केबलमध्ये तीच जाळी सिग्नलचा परतीचा रस्ताही असते. समजा जाळीचा रेझिस्टन्स ०.१ ओहम आहे आणि त्यातून १० मिलिअँपिअर वाहतोय. लगेच १ मिलिव्होल्ट ५० हर्ट्झची भर सिग्नलमध्ये पडली. घरच्या उपकरणांचा सिग्नल ०.३ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणून गाणं जोरात असताना हे कळत नाही. आलाप सुरू झाला की कळतं.

उपाय तीन आहेत. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट आणि ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असेल तर तीच केबल वापरा. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळं लूप कायमचा तुटतो. ॲम्प्लिफायर जुना असेल तर ऑप्टिकलमधून ॲनालॉग करणारा छोटा डबा मधे लावता येतो. दुसरा उपाय, केबल ऑपरेटरच्या लाइनवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन जाळीची जोडणी तोडणारा छोटा तुकडा. पण तुमच्याकडं छत्री असेल तर तो छत्री आणि बॉक्सच्या मधे लावू नका. छत्रीच्या एलएनबीला (तिच्या पुढच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) त्याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातो. आयसोलेटर तो अडवतो आणि चित्रच जातं. तिसरा उपाय, आरसीए केबलच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर. यात बारीक ट्रान्सफॉर्मर असतात आणि तो काही शे रुपयांत मिळतो. स्वस्तातल्याचा तोटा एकच, खालचे सूर पातळ होतात आणि डग्ग्याचा घुमारा जातो. सबवूफरच्या लाइनला तो मी कधीच सुचवत नाही.

पाचवी: लॅपटॉप आणि सबवूफर

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. किर्र-किर्र थांबलं, तर दोष चार्जर आणि यूएसबीच्या वाटेचा. दोन पिनांच्या ॲडॅप्टरमध्ये फेज आणि आउटपुटच्या मधे एक बारीक कंडेन्सर असतो, त्यातून थोडा करंट सतत झिरपतो. अर्थिंग नसलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवरून हात फिरवताना जी झिणझिण लागते ती यामुळंच. ब्लूटूथ रिसीव्हर लावला तर तारेचं नातंच तुटतं. फक्त त्या रिसीव्हरचा ॲडॅप्टर चांगला घ्या.

सबवूफर बहुधा खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या बोर्डावर असतो. तो बोर्ड वेगळ्या सर्किटचा निघतो आणि लूप तयार होतो. तात्पुरतं एक्स्टेंशन ओढून ॲम्प्लिफायर, टीव्ही, बॉक्स, सबवूफर सगळं एकाच भिंतीच्या सॉकेटवर आणा. फरक पडला तर कायमची तशीच सोय करा. त्या बोर्डावर इस्त्री, गिझर, हीटर मात्र लावायचा नाही.

सहावी: पिना आणि केबलची वाट

पावसाळ्यात खानापूर, कणकुंबीकडच्या घरांत पितळी पिनांवर हिरवट थर चढतो. पिन ढिली झाली की जाळीचा संपर्क जातो आणि केबलच अँटेना बनते. पिनेजवळ केबल हलवली की आवाज कमी-जास्त होत असेल, तर दोष तिथंच. बंद असताना पिना काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरनं पुसा, घट्ट बसवा. सॅंडपेपर मारू नका, वरचा मुलामा निघाला की गंज लवकर चढतो.

सिग्नलच्या केबल मेन्सच्या वायरला चिकटून, एकाच जुडग्यात बांधलेल्या असतील तर त्या वेगळ्या करा. एकमेकींवरून न्यायच्याच असतील तर काटकोनात न्या. प्लेअर ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका. आतल्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र वरच्या यंत्रात शिरतं, ते कुठल्याही फिल्टरनं जात नाही. हातभर बाजूला सरकवलं की जातं.

रेकॉर्ड प्लेअर असलेल्यांनी हे अधिक काळजीनं करावं. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्ट असतो. फोनो विभाग तो शंभरपट वाढवतो, आणि त्यासोबत हमिंगही शंभरपट वाढतं. प्लेअरमधून आलेली बारीक सुटी वायर ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडच्या स्क्रूला घट्ट आवळलेली आहे ना, एवढं आधी बघा. सफाई करताना ती सुटते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

सातवी: घरचं अर्थिंग

इथपर्यंत काही सापडलं नाही, किंवा सगळ्याच वस्तूंवर थोडा थोडा आवाज येतोय, तर अर्थिंग बघायची वेळ आली. हे काम वायरमनचं. सॉकेटमध्ये मल्टिमीटरच्या पिना घालायची सवय नसेल तर स्वतः करू नका.

त्याला तीन मापं घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळजवळ तितकंच. न्यूट्रल-अर्थ एक ते तीन व्होल्ट. फेज-अर्थ बरंच कमी आलं किंवा न्यूट्रल-अर्थ दहा-वीस व्होल्ट दाखवलं, तर अर्थची वायर कुठं तरी तुटलेली आहे किंवा अर्थिंगचा खड्डा निकामी झालाय. आणि घरात लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य आलं तर खूश होऊ नका. कुणीतरी सॉकेटच्या मागं न्यूट्रल आणि अर्थ एकत्र पिळून ठेवलेत का ते उघडून बघायला सांगा. खेड्यांत असं पुष्कळ ठिकाणी सापडतं. एखाद्या दिवशी न्यूट्रल तुटला की घरातल्या प्रत्येक थ्री पिन यंत्राच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात.

एप्रिल-मेमध्ये आवाज वाढतो आणि पहिल्या पावसानंतर कमी होतो, असं असेल तर खड्डा कोरडा पडतोय. खानापूरकडच्या जांभ्या दगडात पाणी टिकत नाही. अथणी, चिक्कोडीकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थच्या पाइपापासून सुटते. खड्ड्याला पाणी घालायचा पाइप असेल तर उन्हाळ्यात पाणी घालत राहा. इलेक्ट्रोड गंजला असेल तर नवा खड्डा आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे करून घ्या.

अर्थची पिन काढू नका

हे वेगळं लिहितोय, कारण हा ‘उपाय’ सगळीकडं सांगितला जातो. ॲम्प्लिफायरच्या थ्री पिन प्लगची मोठी पिन कापली किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला की लूप तुटतो आणि हमिंग खरंच थांबतं. म्हणूनच लोक फसतात. पुढं कधी आत फेज पत्र्याला टेकला, तर करंटला जमिनीत जायची वाट नसते. तो पत्रा हात लावणाऱ्याची वाट बघत जिवंत राहतो. किंवा करंट सिग्नल केबलच्या बारीक जाळीतून टीव्हीकडं जातो आणि ती जाळी जळते. लूप तोडायचा असेल तर सिग्नलच्या बाजूनं तोडा, ऑप्टिकलनं किंवा आयसोलेटरनं. मेन्सच्या बाजूनं कधीही नाही. कुणी अशी पिन कापून दिली असेल तर आजच नवा प्लग बसवून घ्या. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवा.

कुठं थांबायचं

हाताला झटका किंवा मुंग्या येत असतील, प्लग किंवा बोर्ड गरम होत असेल, जळका वास येत असेल: मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. टीव्हीची केबल हातात धरल्यावर झटका बसत असेल तर ती पुन्हा जोडू नका, ऑपरेटरला कळवा.

मोटार किंवा मिक्सर चालू झाला की काही दिवे मंद आणि काही जास्तच उजळ होतात: न्यूट्रल ढिला आहे. महागडी यंत्रं जळण्याआधी सगळे प्लग काढा. दोष मीटरपासून घराकडं असेल तर वायरमनचं काम, खांबाकडं असेल तर हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लाइनमनचं.

काही न जोडता, शॉर्ट केलेली पिन लावूनही ॲम्प्लिफायर घूं करतो आणि व्हॉल्यूमनं फरक पडत नाही: आतले फिल्टर कंडेन्सर वाळलेत, किंवा ड्राय सोल्डर (सुटत आलेला सोल्डरचा जोड) आहे. जुन्या, असेंबल केलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये हे ठरलेलं. झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो, आणि व्हॉल्व्हच्या सेटमध्ये तो काही शे व्होल्टचा असतो.

मेकॅनिककडं जाताना नुसता ॲम्प्लिफायर नेऊ नका. ज्या वस्तूनंतर आवाज सुरू झाला ती वस्तू आणि तीच केबल सोबत न्या. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा आणि एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: व्हॉल्यूम शून्यावर काय होतं, टीव्हीची केबल काढल्यावर काय होतं, आणि लॅपटॉप बॅटरीवर असताना काय होतं.